संकल्पचित्रांतले पाणी असे का दिसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावांचे सुशोभीकरण, नदीकाठचा विकास, नवी गृहसंकुले यांची संगणकावर केलेली संकल्पचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतात. ती पाहून वाचक योजनेबद्दल मत बनवतात, म्हणून हे पत्र. या चित्रांत झाडे, बाक, दिवे, फरशी, फिरायला आलेली कुटुंबे असे सगळे जागच्या जागी असते. पाणी मात्र हमखास पोहण्याच्या टाकीतले. निळेशार, तळ दिसेल इतके नितळ आणि या काठापासून त्या काठापर्यंत एकाच छटेचे. बडोद्याच्या सुरसागर तलावात असे पाणी कुणा बडोदेकराने पाहिलेले नाही. विश्वामित्री नदीत तर नाहीच. तिथल्या मगरींनाही ते ओळखू येणार नाही.

आम्ही काही जण संगणकावर निसर्गदृश्ये करण्याचे काम करतो. ही चूक महागड्या यंत्राच्या किंवा वेळेच्या अभावी होत नाही. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येही खरे दिसणारे पाणी होते आणि त्याला वेळही तेवढाच लागतो. चूक पहिल्याच क्षणी होते. चित्रकार पाण्याचा पृष्ठभाग निवडतो आणि त्याला रंग देतो. तलावाच्या पाण्याला भिंतीसारखा ठरलेला रंग नसतो. तो कुठून पाहिले, वारा किती, आभाळ कसे आणि पाण्यात गाळ किती यांवर ठरतो. या चार गोष्टी दिल्या की रंग आपोआप येतो. त्या न देता रंग दिला की टाकी होते.

आधी पाहण्याचा कोन. पाण्याचा वक्रीभवनांक (पाण्यात शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा), म्हणजे सॉफ्टवेअरमधला आयओआर, १.३३ आहे. सरळ वरून खाली पाहिले तर पाणी फक्त २ टक्के उजेड परतवते. बाकीचा आत जातो. लंबापासून मोजलेला कोन ६० अंश झाला तरी हा आकडा ६ टक्क्यांच्याच आसपास असतो. त्यानंतर तो झपाट्याने चढतो. ८० अंशांना ३५ टक्के आणि ८५ अंशांना ५८ टक्के. आता सुरसागरच्या कठड्याला टेकून उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून ४ मीटर वर आहे असे धरा. काठापासून ४ मीटरवरचे पाणी तो ४५ अंशांतून पाहतो. तिथे आभाळ ३ टक्केही परतत नाही, म्हणून पाण्याचा स्वतःचा हिरवट मळकट रंग दिसतो. ४० मीटरवरचे पाणी तो ८४ अंशांतून पाहतो. तिथे निम्म्याहून जास्त आभाळ असते. म्हणजे एकाच नजरेत जवळचे पाणी गडद, लांबचे फिके, आणि मधे हळूहळू होणारा बदल. हा बदल नसलेले चित्र पाहताना वाचकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसले आहे हे जाणवते.

हा बदल फुकट मिळतो. ब्लेंडरच्या प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (शेडर म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा भाग) आयओआर १.३३ ठेवा, धातूपणा शून्य ठेवा आणि हात काढून घ्या. गडबड करणारे लोक इथे काच आणि आरसा यांचे पन्नास-पन्नास टक्के मिश्रण करतात. मग पायाशी आरसा फार जास्त होतो आणि जवळ-लांबचा फरक पुसट होतो. गेम इंजिनमध्ये, म्हणजे संगणकावरचे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतः शेडर लिहायचा असेल तर संगणकचित्रांचे संशोधक क्रिस्तोफ श्लिक यांनी १९९४ साली दिलेले सोपे सूत्र पुरते. ०.०२ मध्ये, १ वजा कोनाची कोसाइन या संख्येच्या पाचव्या घाताला ०.९८ ने गुणून मिळवायचे. ८५ अंशांना ते ५८ ऐवजी ६४ टक्के सांगते. फरक डोळ्याला कळत नाही.

यावरून एक गोष्ट निघते ती वाचकांनीही लक्षात ठेवावी. विमानातून पाहिल्यासारखे वरून काढलेले जे चित्र असते, त्यात पाणी आभाळ जवळजवळ परतवतच नाही. म्हणून तलाव सर्वांत गडद आणि सर्वांत हिरवट दिसायला हवा तो अशाच चित्रात. आणि छापून येतो तो नेमका तिथेच सर्वांत निळा.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाची. पुष्कळ चित्रांत इमारतीचे चित्र उलटे करून पाण्यात चिकटवलेले असते. प्रतिबिंब म्हणजे उलटे केलेले चित्र नव्हे. पाण्याच्या पातळीपासून डोळा जितका वर, तितकाच खाली दुसरा डोळा आहे असे समजा. त्या खालच्या डोळ्याला जे दिसते ते प्रतिबिंब. म्हणून सज्जाची, छज्जाची, पुलाच्या कमानीची खालची बाजू काठावरून नीट दिसत नाही, पण पाण्यात दिसते. सुरसागरच्या मधोमध उभी असलेली शंकराची मूर्ती आणि तिचे प्रतिबिंब चौथऱ्याशी जोडलेले असतात, कारण चौथरा पाण्यातच आहे. रस्त्यापलीकडच्या इमारतीचे तसे नसते. खालच्या डोळ्याच्या आड काठाची भिंत येते, त्यामुळे प्रतिबिंबात तळमजला गायब होतो आणि वरचे मजलेच उरतात. दुकानांच्या पाट्या पाण्यात उलट्या वाचता येत असतील तर ते चित्र चिकटवलेले आहे असे बेलाशक समजावे.

पूर्ण रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने सावकाश काढलेल्या अंतिम चित्रात, ही काळजी रे ट्रेसिंग, म्हणजे एकेका किरणाचा माग काढण्याची रीत, स्वतः घेते. फिरून दाखवायच्या सादरीकरणात, म्हणजे गेम इंजिनवर, मात्र घोटाळा होतो. तिथे स्वस्तात प्रतिबिंब दाखवायला पडद्यावर आधीच असलेले चित्रच पुन्हा वापरतात. पडद्याबाहेर जे आहे ते त्या रीतीला माहीतच नसते. कॅमेरा खाली वळवला आणि मूर्तीचे डोके चौकटीबाहेर गेले की पाण्यातल्या मूर्तीचेही डोके कापले जाते. पाहणाऱ्यांत कुणीतरी हसतेच. सपाट तलावासाठी उपाय सरळ आहे. पाण्याखालच्या त्या दुसऱ्या डोळ्याच्या जागी खरोखर दुसरा कॅमेरा ठेवून दृश्य पुन्हा काढायचे. ते अर्ध्या रिझोल्यूशनला काढले तरी चालते, कारण तरंगांत बारकावे विरूनच जातात. फक्त त्या कॅमेऱ्याला पाण्याच्या पातळीखालचे काहीही दिसता कामा नये. नाहीतर बुडालेल्या पायऱ्या प्रतिबिंबात आभाळाला लटकलेल्या दिसतात.

जलरंगात काम करणारे एक नियम पाळतात. काठावरच्या गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे फिके, उजळ वस्तूचे थोडे गडद. कारण उघड आहे. परतलेला उजेड पूर्ण नसतो, आणि त्यात गढूळ पाण्याचा स्वतःचा उजेड मिसळतो. रेंडर झाल्यावर चित्रातल्या भिंतीचा आणि तिच्या प्रतिबिंबाचा रंग आयड्रॉपरने, म्हणजे रंग उचलण्याच्या साधनाने, मोजून पाहा. दोन्ही सारखेच आले तर आयओआर बिघडला आहे.

आता वारा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. ब्लेंडरमध्ये ओशन नावाचा मॉडिफायर, म्हणजे पृष्ठभागाला लाटांचा आकार देणारे साधन, आहे. जेरी टेसेनडॉर्फ यांनी २००१ साली नीट मांडून दिलेली लाटांची रीत त्यामागे आहे. रीत उत्तम, पण नावच सांगते की ती समुद्रासाठी आहे. हा मॉडिफायर लावला की वाऱ्याचा वेग आपोआप सेकंदाला ३० मीटर येतो. म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. खोली आपोआप २०० मीटर येते. चित्रकार ते आकडे तसेच ठेवतो, लाटा फार मोठ्या दिसल्या म्हणून उंचीची पट्टी खाली ओढतो, आणि सुरसागरावर वादळातला समुद्र बसका होऊन पसरतो. उंची कमी झाली तरी लाटांची लांबी तशीच राहते, म्हणून तलाव एकतर अवाढव्य दिसतो किंवा जिलेटिनसारखा.

लाट किती मोठी होणार हे वाऱ्याच्या वेगावर आणि त्याला किती लांब मोकळे पाणी मिळाले यावर ठरते. उत्तर समुद्रातल्या मोजमापांतून १९७३ साली निघालेले, जॉन्स्वॅप या नावाने ओळखले जाणारे सूत्र लावून पाहा. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, आणि मोकळे पाणी ३०० मीटर. लाटेची उंची येते ४ ते ५ सेंटीमीटर आणि दोन माथ्यांमधले अंतर सुमारे ८० सेंटीमीटर. हाच वारा बडोद्याजवळच्या आजव्याच्या जलाशयासारख्या मोठ्या पाण्यावर ३ किलोमीटर धावला तर उंची १४ सेंटीमीटर आणि अंतर पावणेचार मीटरच्या घरात जाते. शहरातला तलाव आणि गावाबाहेरचा जलाशय एकाच सेटिंगने का करता येत नाही ते यावरून कळेल. पडताळा घ्यायची सोपी युक्ती म्हणजे दृश्यात पाण्याच्या कडेला एक वीट ठेवायची. २३ बाय ११ बाय साडेसात सेंटीमीटरची, साधी. शहरातल्या तलावाची लाट विटेच्या उंचीच्या वर गेली की वारा चुकला. काम झाले की वीट काढून टाकावी. ती विसरलेली चित्रेही आम्ही पाहिली आहेत.

खरे म्हणजे चार-पाच सेंटीमीटरच्या लाटांसाठी मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, हलवायची गरजच नाही. पाण्याचा पृष्ठभाग सपाट ठेवून त्यावर तीन नॉर्मल मॅप (उतारांचा आभास देणारी चित्रे) द्यावेत, म्हणजे उजेडाला पृष्ठभाग खडबडीत वाटेल आणि मेश सपाटच राहील. तिन्हींची लांबी वेगळी हवी आणि एकमेकांच्या पटीत नको. ८०, ३१ आणि १३ सेंटीमीटर अशी निवड चालते. ८०, ४० आणि २० घेतले तर ठराविक अंतरावर तिन्ही माथे एकत्र येतात आणि पाण्यावर फरशीसारखी नक्षी उमटते. तिघांच्या दिशा वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस अंश फाकवा.

चित्र हलते असेल तर वेगही द्यावा लागतो, आणि तो मनाने देता येत नाही. खोल पाण्यावरच्या लाटेचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये, म्हणजे तिच्या मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ गुणिले १.२५. त्यामुळे ८० सेंटीमीटरची लाट सेकंदाला १.१२ मीटर जाते, ३१ ची ०.७० आणि १३ ची ०.४५. मोठी लाट लहानीला मागे टाकते. तिन्ही मॅप एकाच वेगाने सरकवले तर कुणीतरी टेबलावरचे कापड ओढते आहे असे दिसते. वेग दुप्पट झाला की डोळा तलावाला लगेच लहान समजतो, बशीतल्या पाण्यासारखा. वेग निम्मा केला तर तो समुद्र होतो. आकाराचा अंदाज आपण पाण्याच्या रूपावरून कमी आणि हालचालीवरून जास्त बांधतो.

इथवर बरोबर करणारेही पुढच्या पायरीवर घसरतात. जवळचे तरंग सुरेख दिसतात, पण लांबचे पाणी आरशासारखे गुळगुळीत होते. कारण असे की लांबवर एका पिक्सेलमध्ये शेकडो तरंग मावतात आणि संगणक त्यांची सरासरी काढतो. वर कललेले आणि खाली कललेले उतार एकमेकांना खोडतात, उरतो सपाट पृष्ठभाग. खऱ्या तलावावर उतार नाहीसे होत नाहीत, फक्त वेगवेगळे दिसायचे थांबतात. म्हणून लांबवर नॉर्मल मॅप जितका विरेल तितका रफनेस, म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, वाढवावा लागतो. किती, याचेही उत्तर आहे. कॉक्स आणि मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी समुद्रावरच्या सूर्याच्या चकाकीची विमानातून छायाचित्रे काढून १९५४ साली एक सूत्र दिले. उताराच्या वर्गाची सरासरी म्हणजे ०.००३ अधिक, वाऱ्याचा सेकंदाला मीटरमधला वेग गुणिले ०.००५१२. वारा १ मीटरचा असला तर पृष्ठभाग सरासरी ५ अंश कललेला असतो, ३ मीटरला पावणेआठ अंश. ब्लेंडरच्या रफनेसच्या पट्टीवर हे आकडे अनुक्रमे ०.३० आणि ०.३७ होतात. कारण ती पट्टी आतून वर्ग करून वापरली जाते. सूत्र समुद्राचे आहे. चारी बाजूंनी इमारती असलेल्या तलावावर खालचा आकडा घ्यावा. आणि जवळच्या भागात, जिथे तरंग प्रत्यक्ष दिसतात, तिथे रफनेस शून्यच ठेवावा. दोन्हीकडे ०.३ दिला की पाणी दुधी काचेचे होते. दोन टोकांमधला बदल कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर बांधावा, हाताने रंगवू नये. कॅमेरा हलला की हाताचे रंगवलेले उघडे पडते.

याच कलण्याचा आणखी एक परिणाम. पृष्ठभाग ५ अंश कलला की परतणारा किरण १० अंश वळतो. ४० मीटरवरच्या सपाट पाण्यात क्षितिजापासून ६ अंश उंचीवरचे काहीतरी दिसले असते. आपल्याकडे कललेल्या लाटेत तिथे १६ अंश उंचीवरचे दिसते. पलीकडची इमारत त्याहून ठेंगणी असेल तर तिच्या जागी आभाळ येते. वारा सुटला की काठावरच्या इमारतींची प्रतिबिंबे पुसली जातात आणि पाणी उजळते ते यामुळेच. लाटा दाखवायच्या आणि इमारतींचे स्वच्छ प्रतिबिंबही दाखवायचे, असे दोन्ही एका चित्रात होत नाही. छापलेल्या चित्रांत मात्र दोन्ही असते, कारण लाटा आणि प्रतिबिंब वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी घातलेले असतात.

रात्रीच्या चित्रांत ही चूक सर्वांत ठळक दिसते. काठावरच्या दिव्याचे प्रतिबिंब तरंगत्या पाण्यात उभ्या दिशेने लांबते, आपल्याकडे धावत येते, पण रुंदीला फारसे पसरत नाही. सोनेरी मूर्तीवर झोत टाकले की पाण्यात मूर्ती दिसत नाही, तुटक सोन्याची उभी पट्टी दिसते. फोटोशॉपमध्ये प्रतिबिंबावर सगळीकडे सारखा ब्लर मारला तर ती पट्टी आडवीही फुगते आणि दिवा धुक्यात असल्यासारखा वाटतो. ब्लर मारायचाच असेल तर फक्त उभा. रेंडरमध्ये रफनेस बरोबर दिला की हे आपसूक होते.

आता पाण्याच्या आतले. शुद्ध पाणीसुद्धा लाल उजेड शोषते. ३ मीटर पाण्यातून गेल्यावर लाल साधारण एक तृतीयांशच उरतो, निळा जवळजवळ सगळा. समुद्र निळा दिसण्याचे हे एक कारण, आणि निळ्या तलावाचे समर्थन करणारे हेच पुढे करतात. पण आपल्या तलावांत शेवाळ आणि गाळ आहे. त्यांच्यापुढे शुद्ध पाण्याचे शोषण नगण्य ठरते. किती गढूळ धरायचे हे ठरवायला १८६५ साली सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने दिलेली युक्ती अजून चालते. २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी घ्या, तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मधोमध दोरी बांधा, खाली वजन लावा आणि सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. दिसेनाशी होईल तिथे दोरीला गाठ मारा. ती खोली मीटरमध्ये घेऊन १.७ ला तिने भागा. समजा तबकडी अर्ध्या मीटरवर नाहीशी झाली, तर उत्तर ३.४. उजेड पाण्यात दर मीटरला कोणत्या दराने विरतो त्याचा हा अंदाज आहे. या दराने अर्ध्या मीटर खोलीवर १८ टक्के उजेड पोचतो, एका मीटरवर ३ टक्के. म्हणजे तळ दाखवायचा प्रश्नच येत नाही. पहिली बुडालेली पायरी दिसेल, दुसरी अंधूक, तिसरी नाही. शिवाय बुडालेली पायरी आहे त्यापेक्षा वर दिसते, कारण वरून पाहताना पाण्याची खोली पाऊणपटच भासते.

तो आकडा ब्लेंडरमध्ये घालताना लोक फक्त शोषणाचा नोड (शेडरमध्ये जोडायचा ठोकळा) लावतात आणि पाणी काळे पडले म्हणून वैतागतात. शोषण म्हणजे बिनदुधाचा चहा, कप खोल झाला की काळा. आपल्या तलावाचे पाणी दुधाच्या चहासारखे आहे. गाळाचे कण उजेड नुसता गिळत नाहीत, उधळतातही, आणि तो उधळलेला उजेड बाहेर आला की मातकट-हिरवा रंग दिसतो. म्हणून शोषणाबरोबर विखुरण्याचा, म्हणजे स्कॅटरचा, नोडही हवा. त्यातली अॅनिसोट्रॉपी (उजेड कोणत्या दिशेला जास्त उधळतो तो आकडा) आपोआप शून्य असते. पाण्यातले कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने ढकलतात, म्हणून ती ०.८ ते ०.९ ठेवावी. पावसाळ्यातल्या विश्वामित्रीसाठी स्कॅटर वाढवा आणि रंग तांबूस मातीकडे न्या, उन्हाळ्यातल्या तलावासाठी शेवाळी हिरव्याकडे. कामाला घाई असेल आणि व्हॉल्यूमचे, म्हणजे पाण्याच्या आतल्या उजेडाचे, रेंडर परवडत नसेल, तर गढूळ पाण्यापुरती पळवाट आहे. पृष्ठभाग अपारदर्शक करून त्याला मातकट-हिरवा रंग द्या, आयओआर १.३३ ठेवा. तळ दिसतच नसेल तर आत काय आहे हे कुणाला कळणार? सुरुवातीला रंग देऊ नका म्हटले आणि आता आम्हीच देतो आहोत, हे खरे. पण हा तबकडीने मोजून आलेला रंग आहे.

व्हॉल्यूम वापरायचा तर पाणी म्हणजे नुसता पत्रा नको, बंद डबा हवा. खालची बाजू नसेल तर सॉफ्टवेअरला पाणी कुठे संपते ते कळत नाही आणि शोषण नीट लागत नाही. डब्याच्या बाजू काठाच्या दगडात दोनेक सेंटीमीटर घुसवाव्यात. नेमक्या टेकवल्या तर कडेला काळ्या रेघा किंवा फटी उमटतात. नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची बाजू दाखवणारे बाण, बाहेरच्या दिशेने आहेत हे पाहावे, नाहीतर सॉफ्टवेअर पाण्याला हवा आणि हवेला पाणी समजते. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर काढणाऱ्या भागात, आणखी एक नेहमीची तक्रार असते की उथळ पाण्याखालचा तळ काळा येतो. काचेसारखा पृष्ठभाग सूर्याच्या उजेडाला सावली पाडतो म्हणून असे होते. लाइट पाथ नोडमधला शॅडो रे वापरून सावलीपुरता पृष्ठभाग पारदर्शक करावा.

काठ हा बहुतेकांनी सोडून दिलेला भाग आहे, आणि चित्र खरे वाटते की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरते. पाणी आणि दगड सुरीने कापल्यासारख्या एका रेषेत कधी भेटत नाहीत. पाण्याच्या वर लाटेच्या उंचीएवढा, म्हणजे चार-पाच सेंटीमीटरचा, ओला पट्टा असतो. तिथला दगड कोरड्या दगडापेक्षा बराच गडद आणि चकचकीत असतो. रंग साधारण निम्मा गडद करावा आणि रफनेस ०.८ वरून ०.२ वर आणावा. त्याच्या वर पाणी उतरताना सोडलेल्या जुन्या पातळ्यांच्या आडव्या खुणा येतात, पांढरट आणि शेवाळी. त्या समपातळीत हव्यात, दगडाच्या उतारावर चढता कामा नयेत. म्हणून त्या टेक्स्चरमधून, म्हणजे दगडावर चिकटवलेल्या चित्रातून, न देता उंचीच्या आकड्यावरून द्याव्यात. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला पाने, निर्माल्य आणि जलपर्णी गोळा होते, समोरच्या काठाला होत नाही. जलपर्णी जिथे आहे तिथे तरंग नसतात. एवढी एक गोष्ट पाळली तरी पाणी जागच्या जागी बसते.

फेसाबद्दल लिहावे असे काही नाही. शहरातल्या तलावाच्या लाटांवर पांढरा फेस येत नाही. चित्रात असेल तर काढून टाकावा. आलाच असेल तर तो साबणाचा, आणि तो विषय वेगळ्या पत्राचा.

आभाळ मात्र खरेच हवे. एकरंगी पार्श्वभूमीवर पाणी कितीही शुद्ध बनवले तरी ते मेणकापडासारखे दिसते, कारण लाटेच्या प्रत्येक उताराला आभाळाचा वेगळा तुकडा मिळाला तरच पाणी जिवंत होते. क्षितिजाजवळ फिके आणि माथ्यावर गडद असे एचडीआरआय (उजेडाचे खरे प्रमाण टिपणारे छायाचित्र) आभाळ घ्यावे. ढगाळ दिवसाचे घेतले तर पाणी राखाडी होते आणि ग्राहक नाखूष होतो. तरी जुलैचा देखावा असेल तर तेच खरे आहे. उन्हाची चकाकी रेंडरला पांढऱ्या ठिपक्यांसारखी वाटते, म्हणून क्लॅम्पचा (उजेडाची कमाल मर्यादा ठरवणारा) आकडा खाली आणला किंवा डीनॉइझर (ठिपके पुसणारे साधन) जोरात लावला तर सगळी लखलख मरते. तेवढ्या चित्रापुरते सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलला सोडलेले किरण, वाढवावेत आणि ठिपके राहू द्यावेत. ते ठिपके म्हणजेच पाण्यावरचे ऊन आहे.

हे सगळे आपल्या वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण असे की चित्र करणाऱ्याला हे माहीत नसते असे नाही. पुष्कळांना माहीत असते. निळे पाणी मागितले जाते आणि ते दिले जाते. म्हणून आमची विनंती चित्रकारांपेक्षा आपणांस आहे. संकल्पचित्र छापताना त्याखाली तीन गोष्टी मागून घ्या. डोळा पाण्यापासून किती मीटर वर धरला आहे, महिना कोणता, आणि पाण्यात किती खोलीपर्यंत दिसते असे धरले आहे. चित्र नीट बसवले असेल तर हे तीन आकडे चित्रकाराच्या फाइलमध्ये असतातच, ते द्यायला दोन मिनिटे लागत नाहीत. जमल्यास त्याच जागेचे, त्याच कोनातून, मे महिन्यातले दुसरे चित्र मागा, ज्यात पाणी उतरलेले आहे आणि काठाच्या उघड्या पायऱ्या दिसत आहेत. फाइलमध्ये पाण्याची पातळी एका आकड्याने खाली करायची असते. रेंडर रात्रभरात होते.

आपले,
संगणकावर दृश्ये करणारे काही जण,
दांडिया बाजार, बडोदे